पिंपरीची माती आणि कुंडलची भट्टी



माझ्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही ओळखीच्या मंडळींनी मला विचारले, की ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञांवर आणि विद्वानांवर तुम्ही काय बोलणार? तुमचा विषय बोनस, कंत्राटी कामगार आणि वेतनकरार. प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच आटोपले. पुढचे जे काही शिक्षण झाले ते दुसऱ्या पाळीवरून आल्यावर दिव्याखाली झाले, आणि नगर वाचनालयाच्या ग्रंथपालांनी न कंटाळता पुस्तके काढून दिली म्हणून झाले. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने मी बोलणार नाही. ज्या गावात चाळीस-पन्नास वर्षे काढली त्या गावाची एक गोष्ट सांगणार आहे, आणि तिच्या शेजारी ऑस्ट्रिया नावाच्या एका लहानशा देशातल्या दोन गोष्टी ठेवणार आहे. तिन्ही ऐकल्यावर संशोधन ही कोणाची मालमत्ता, हा प्रश्न आपण आपल्याशीच विचारावा एवढीच माझी अपेक्षा आहे.

पहिली गोष्ट पिंपरीची. आज आपण पिंपरी म्हटले की मोटारी, स्कूटरी, सुटे भाग, आणि पलीकडे चाकणपर्यंत पसरलेले पत्र्याचे कारखाने डोळ्यांपुढे आणतो. परंतु या उद्योगनगरीचे बी ज्यांनी पेरले त्यांत अग्रभागी होता तो औषधाचा कारखाना. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1954 साली ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफने आणि तंत्रज्ञानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने साहाय्य केले. असा कारखाना सरकारनेच काढावा असे हिरिरीने सांगणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांचे नाव घ्यावे लागते.

त्या काळी पेनिसिलीन म्हणजे काय होते हे तरुण मंडळींना सांगितले पाहिजे. निमोनियाने धडधाकट माणूस आठ दिवसांत जात असे. बाळंतिणीला ताप भरला की घरातली माणसे देवाला नवस बोलत. यंत्रात बोट सापडून जखम पिकली की हात जाई, कधी जीव जाई. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी बुरशीतला हा गुण पाहिला. 1940 च्या सुमारास ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे औषध केले. महायुद्धात त्याने असंख्य सैनिक वाचवले. पण आपल्याकडे ते यायचे बोटीने, आणि ज्याच्या खिशात पैसे त्याच्याच वाट्याला. पिंपरीच्या कारखान्याने ते देशात होऊ शकते हे दाखवून दिले.

आता हे औषध होते कसे? आपल्या घरात दही लागते, इडलीचे पीठ फुगते, तसाच हा आंबवण्याचा उद्योग आहे. फक्त पातेल्याच्या जागी दोन-तीन मजली उंच पोलादी टाकी. कामगार तिला फर्मेंटर म्हणतात. टाकीत पाणी, साखर, मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातला उरलेला अर्क असे बुरशीचे अन्न घालायचे, वाफेने सगळे निर्जंतुक करायचे, थंड करून बुरशीचे विरजण सोडायचे, आणि मग काही दिवस आणि रात्री खालून गाळलेली हवा फुंकत राहायची. बुरशी हवेवर जगते. हवा थांबली की खेळ खलास. आणि याहून मोठी भीती म्हणजे परक्या जंतूची. एखाद्या झडपेतून, एखाद्या झिजलेल्या गॅस्केटमधून बाहेरचा जंतू आत शिरला, तर तो तयार झालेले पेनिसिलीनच फस्त करणारा रस सोडतो. मग हजारो लिटर माल गटारात.

म्हणून अशा कारखान्यात तिसऱ्या पाळीला तापमानाच्या काट्यावर नजर ठेवणारा, वाफेची झडप वेळेवर उघडणारा, टाकीजवळचा वास नेहमीपेक्षा वेगळा आला म्हणून प्रयोगशाळेला फोन करणारा कामगार हा नुसता हमाल नसतो. त्याच्या नाकाला आणि बोटांना जे कळते ते पुस्तकात नंतर येते. हे मी कामगारांचा कार्यकर्ता म्हणून फुशारकीने म्हणत नाही; कुंडलच्या गोष्टीत ते आपल्याला दिसेलच.

पिंपरीच्या कारखान्याचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. तेथे एक संशोधन विभाग होता, आणि बुरशीशास्त्रात ज्यांचे नाव जगभर होते ते डॉक्टर एम. जे. तिरुमलाचार तेथे काम करीत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? माती तपासली. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून जो सुगंध येतो तो स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूंचा असतो. हे जंतू मातीत राहतात आणि आपल्या शेजाऱ्यांशी भांडण्यासाठी नाना प्रकारची रसायने सोडतात. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ती पातळ करून पोषक खळीवर पसरायची, उगवलेल्या एकेका ठिपक्याला वेगळे काढायचे, आणि रोगाच्या बुरशीपुढे बसवून पाहायचे. ज्याच्याभोवती बुरशी वाढत नाही, स्वच्छ कडे उमटते, तो आपल्या कामाचा. शेकडो ठिपके वाया जातात तेव्हा एखादा सापडतो. हे काम चिकाटीचे आहे, मिरच्या निवडण्यासारखे कंटाळवाणे आहे, आणि त्यात चमत्कार काही नाही.

असा एक जंतू त्यांना पिंपरीच्या मातीत सापडला. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्याचे नामकरण झाले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. मंडळी, जगातल्या शास्त्राच्या ग्रंथांत आपल्या गावाचे नाव लॅटिन रूपात गेले ते असे. त्या जंतूपासून जे औषध निघाले त्याला कारखान्याच्या नावावरून हॅमायसिन म्हणतात. 1961 साली तिरुमलाचार, मेनन आणि भट्ट यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली, आणि तीही कोणा परदेशी मासिकात नव्हे, तर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन या कारखान्याच्या स्वतःच्या शास्त्रीय नियतकालिकात.

हे औषध बुरशीच्या रोगांवरचे आहे. त्याचे महत्त्व असे, की पेनिसिलीनसारखी औषधे जंतू मारतात, बुरशीला हात लावीत नाहीत. उलट जंतूंचे रान मोकळे झाले की तोंडात, आतड्यात, स्त्रियांच्या नाजूक जागी बुरशी माजते. बुरशीच्या पेशीच्या कातड्यात जो एक स्निग्ध पदार्थ असतो त्याला हॅमायसिनच्या जातीचे औषध चिकटते आणि तेथे भोके पाडते. पेशीतले सत्त्व वाहून जाते. म्हणजे एका बुरशीपासून जंतूंवरचे औषध, आणि मातीतल्या जंतूपासून बुरशीवरचे औषध, हे दोन्ही एकाच आवारात. याच विभागातून ऑरिओफंजिन नावाचे आणखी एक औषध निघाले, ते पिकांवरच्या आणि फळझाडांवरच्या बुरशीरोगांसाठी. पिंपरीच्या प्रयोगशाळेतून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत वाट गेली होती, हे विसरता कामा नये.

आता ऑस्ट्रियाकडे जाऊ. कुंडल म्हटले की आपल्याला सांगली जिल्ह्यातले, किर्लोस्करवाडीजवळचे, पत्री सरकारच्या लढ्यातले कुंडल आठवते. मी सांगतो ते कुंडल ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, आल्प्सच्या डोंगरांत, इन नदीच्या काठी आहे. महायुद्धात ऑस्ट्रिया हरलेल्यांच्या बाजूला होता. 1945 नंतर चार विजयी राष्ट्रांनी तो वाटून घेतला आणि टिरोल फ्रेंच फौजेच्या ताब्यात आला. कुंडलमध्ये बिअरचा एक रिकामा कारखाना होता. रँबो नावाचा एक फ्रेंच कप्तान रसायनशास्त्र जाणत होता. त्याच्या मनात आले, की जेथे बिअर आंबत होती तेथे पेनिसिलीन का आंबू नये? 1946 साली बायोकेमी नावाची कंपनी निघाली आणि दोनेक वर्षांत औषध बाजारात आले. म्हणजे हरलेला, उपाशी देश, जुनी इमारत आणि नवशिके लोक. पिंपरीच्या आधी जेमतेम काही वर्षे.

कुंडलच्या टाक्यांनाही तोच रोग जडला, परक्या जंतूंचा. माल नासू लागला. एर्न्स्ट ब्रांडल नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने उपाय म्हणून टाकीत फिनॉक्सिएथॅनॉल नावाचे जंतुनाशक थोड्या प्रमाणात घालून पाहिले. हेतू साधा, जंतूंना रोखणे. पण टाकीतल्या द्रवाचे मोजमाप नेहमीसारखे येईना. ब्रांडल आणि त्याचा सहकारी डॉक्टर हान्स मार्ग्राइटर यांनी ते सोडून दिले नाही. असे का झाले याचा पाठपुरावा केला.

कारण असे निघाले. बुरशी पेनिसिलीन बांधते तेव्हा त्याला एक शेपूट जोडते, आणि ते शेपूट आसपास जे मिळेल त्यातून घेते. नेहमी तिला एक आम्ल खायला घालतात, त्यातून नेहमीचे पेनिसिलीन-जी होते. येथे बुरशीने ते जंतुनाशकच पचवले, त्याचे आम्ल केले आणि त्याचे शेपूट जोडले. निराळे पेनिसिलीन तयार झाले. आणि त्याचा गुण कोणता? ते आम्लात टिकत होते. नेहमीचे पेनिसिलीन पोटातल्या आम्लाने नासते, म्हणून ते टोचावे लागे, दिवसातून कित्येक वेळा. हे नवे पेनिसिलीन गिळता येत होते!

येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. हाच पदार्थ अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 1948 साली आधीच तयार केलेला होता. त्यांच्या यादीत तो होता. पण तो आम्लात टिकतो, म्हणजे गोळी होऊ शकते, हे तेथे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात आले डोंगरातल्या जुन्या बिअरच्या कारखान्यात, कारण तेथे नासलेल्या मालाने माणसांची झोप उडवली होती. व्हिएन्नाच्या विद्यापीठात कार्ल हेर्मान श्पिट्झी या वैद्याने रुग्णांवर त्याची परीक्षा केली. ब्रांडल आणि मार्ग्राइटर यांचे संशोधन 1953 साली प्रसिद्ध झाले. पेनिसिलीन-व्ही म्हणतात ते हेच. त्यातले व्ही हे अक्षर जर्मन भाषेतल्या ‘गुप्त’ या अर्थाच्या शब्दावरून आले असे सांगतात. आपल्या लेकरांना घसा सुजल्यावर, सांधेतापाने हृदय बिघडू नये म्हणून, डॉक्टर ज्या गोळ्या देत आले त्यांचा जन्म असा झाला.

तर विद्यापीठातले वैद्य, कारखान्यातले रसायनशास्त्रज्ञ आणि टाकीवरचे कामगार, हे तिन्ही एका साखळीत होते म्हणून ते घडले. यातली एक कडी काढली तर साखळी राहत नाही. माझ्या परिचयाच्या एका कारखान्यात सूचनापेटी ठेवलेली होती. एका फिटरने शीतद्रवाच्या नळीची जागा बदलण्याची युक्ती लिहून टाकली. हत्यारे दीडपट टिकू लागली. त्याला प्रशस्तिपत्र आणि एक प्रवासी पिशवी मिळाली. पुढच्या वर्षी ती युक्ती वरिष्ठांच्या नावाने एका परिषदेत वाचली गेली. मला त्या पिशवीचे दुःख नाही. मला दुःख याचे, की त्यानंतर त्या खात्यातल्या कोणीही पेटीत चिठ्ठी टाकली नाही. ज्ञानाचा झरा असाच आटतो.

आता दोन्ही गावांचे पुढे काय झाले ते पाहू. पिंपरीचा कारखाना 1997 साली आजारी उद्योग ठरला. परदेशातून, विशेषतः चीनमधून, इतक्या स्वस्तात मूळ औषध येऊ लागले की येथे ते आंबवणे परवडेना. भारतभर एकामागून एक टाक्या थंड झाल्या. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले, की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची जादा जमीन विकून देणी भागवावीत आणि मग कंपनीचीच विक्री करावी. कामगारांचे पगार थकल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. ज्या मातीत पिंप्रिना सापडला त्या मातीचा भाव आता चौरस फुटावर निघू लागला. पिकते तेथे विकत नाही अशी म्हण आहे. येथे तर जे पिकवत होते तेच विकायला काढले.

कुंडललाही तोच वारा लागला होता. भाव पडले, नफा आटला. परंतु 2020 साली महामारीत जगाचे दळणवळण बंद पडले, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सरकारला उमगले, की आपल्या घरात पेनिसिलीन होते ही चैन नसून शिदोरी आहे. त्या वर्षी सरकारने सुमारे 5 कोटी युरो देऊ केले, कंपनीने त्यात आपली भर घालून एकूण 15 कोटींहून अधिक गुंतवायचे ठरवले, आणि उत्पादन दहा वर्षे चालू ठेवण्याची हमी झाली. आपल्या सरकारलाही त्याच वर्षी जाग आली. मूळ औषधे देशात व्हावीत म्हणून 6,940 कोटी रुपयांची योजना निघाली, तिच्या यादीत पेनिसिलीन-जी होते, आणि 2024 साली आंध्रात काकीनाड्याच्या बाजूला खाजगी कंपनीचा पेनिसिलीनचा नवा कारखाना सुरू झाला. चांगले झाले. त्या कामगारांना मी शुभेच्छा देतो. पण ज्या विद्येत पिंपरीच्या माणसांनी हयात घालवली ती पुन्हा ओनाम्यापासून शिकावी लागावी, याची किंमत कोणत्या खात्यावर मांडायची? पोलाद पुन्हा विकत आणता येते. तिसऱ्या पाळीला वास ओळखणारे नाक निवृत्त झाले की विकत मिळत नाही.

कोणी म्हणेल, सरकारी कारखाना होता, ढिला कारभार होता, बुडाला. ढिलाई नव्हती असे मी म्हणणार नाही. कामगार संघटनांनीही प्रत्येक वेळी दूरचे पाहिले असे नाही. परंतु कुंडलचा कारखाना खाजगी मालकीचा असूनही भावाच्या चढाओढीत एकट्याने टिकणार नव्हता, हेही तितकेच खरे आहे. तेथे सरकारने हात दिला. मालकी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याआधी समाजाने ठरवावे लागते, की कोणती विद्या आपल्याला गमावून चालणार नाही.

आता ऑस्ट्रियाची दुसरी गोष्ट, आणि ती माझ्या धंद्याच्या अधिक जवळची आहे. कारखाना थंड झाला की टाकीचे काय होते ते आपण पाहिले. माणसाचे काय होते?

व्हिएन्नाजवळ मारिएनताल नावाची कापड गिरणीची वसाहत आहे. गिरणी 1830 साली निघाली होती. जागतिक मंदीत, 1929-30 मध्ये ती बंद पडली. वस्ती 1,486 माणसांची, कुटुंबे 478, आणि त्यांतली बहुसंख्य बेकारभत्त्यावर. व्हिएन्ना विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाशी जोडलेल्या एका लहान संशोधन केंद्रात तेव्हा काही तरुण मंडळी काम करीत होती: मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझल. लाझार्सफेल्ड यांच्या मनात कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करायचे होते. तेथले समाजवादी पुढारी ओटो बाउअर यांनी त्यांना झाडले, की देशात बेकारी माजलेली असताना फुरसतीचा कसला अभ्यास करता? म्हणून ही मंडळी 1931-32 च्या हिवाळ्यात मारिएनतालला गेली.

त्यांनी एक नियम केला होता तो मला फार मोलाचा वाटतो. नुसते पाहुणे म्हणून, वह्या घेऊन कोणी गावात हिंडायचे नाही. प्रत्येकाने गावाला उपयोगी पडेल असे काही काम करायचे. म्हणून त्यांनी जुने कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची मोफत तपासणी सुरू केली, बायकांसाठी कपडे बेतण्याचा वर्ग काढला, मुलींसाठी व्यायामाचा. माहिती या कामातून मिळत गेली.

त्यांना काय दिसले? हाताशी वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे निम्म्यावर आले. वर्तमानपत्र बेकारांना सवलतीत मिळत होते, तरी वर्गणीदार घटले. संशोधकांनी खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांचा वेग मोजला. पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश तेवढ्या वाटेत निदान दोनदा थांबत. कोठे पोचायची घाईच नव्हती. दिवसभर काय केले हे विचारले तर पुरुषांना आठवेना. बायका मात्र पुरुषांपेक्षा वेगाने चालत, कारण चूल, मुले, शिवण यांना मंदी नसते. बेकारीने लोक पेटून उठतील अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. मारिएनतालने उलट दाखवले. बहुतेक घरे हताश होऊन गप्प बसली होती. मला तर हे वाचताना मुंबईच्या गिरणगावची आठवण आली. 1982 च्या संपात जे अडीच लाखांच्या घरातले कामगार उतरले, त्यांच्यातल्या कित्येकांचे पाय पुढे गिरणीच्या बंद दाराशी जाऊन उगाच थबकत.

1933 साली हे संशोधन छापले गेले. तोवर जर्मनीत हिटलर आला होता, आणि लेखक ज्यू असल्यामुळे मुखपृष्ठावर त्यांची नावे सुद्धा आली नाहीत. याहोदाबाईंना पुढे 1936 साली ऑस्ट्रियातल्या हुकूमशाहीने तुरुंगात टाकले, मग देशाबाहेर जावे लागले. लाझार्सफेल्ड आणि त्साइझल अमेरिकेत गेले. परंतु पुस्तक राहिले.

आणि पाहा, नव्वद वर्षांनी त्याच गावाने आणखी एक प्रयोग पाहिला. ऑक्टोबर 2020 मध्ये तेथे योजना सुरू झाली, की जो कोणी वर्षभर बेकार आहे त्याला, त्याची इच्छा असेल तर, योग्य वेतनाचे काम मिळण्याची हमी. 2024 पर्यंत ती चालली. व्हिएन्ना आणि ऑक्सफर्डच्या विद्वानांनी तिचा अभ्यास केला. दीर्घ बेकारी त्या गावातून जवळजवळ नाहीशी झाली, आणि माणसांच्या दिवसाला पुन्हा सकाळ-संध्याकाळ आली, चार माणसांत ऊठबस आली.

हे ऐकून आपण मान ताठ करायला हरकत नाही, कारण कामाच्या हमीची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून, 1972 च्या दुष्काळात पाय रोवलेली रोजगार हमी योजना 1977 साली आपल्या विधिमंडळाने कायद्यात आणली. ऑस्ट्रियाच्या चार दशके आधी! तिच्याच पाठबळावर 2005 साली देशभराचा कायदा झाला. परंतु ती हमी खेड्यातल्या अंगमेहनतीची होती. भोसरीत, चाकणमध्ये, अकरा महिन्यांच्या चिठ्ठीवर कामाला असलेल्या आणि बाराव्या महिन्यात गेटबाहेर उभ्या राहणाऱ्या पोराला कसली हमी? त्याच्या दिवसाचे काय होते, त्याच्या घरातल्या वहीचे काय होते, हे मोजायला कोणी खिडकीत बसले आहे काय?

आपल्या जवळच उत्तम परंपरा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखाली पुणे शहराची घरोघर पाहणी झाली होती. तिचे दोन भाग 1945 आणि 1952 साली छापले गेले. तेव्हाचा विडी कामगार, हातमागवाला, टांगेवाला त्यात सापडतो. आजचा कंत्राटी कामगार कोठे सापडेल?

म्हणून समारोपाला मी तीन गोष्टी मागतो. पहिली विद्यापीठातल्या मंडळींकडे. मारिएनतालचा नियम घेऊन आमच्या वस्त्यांत या. माहिती न्या, आणि जाताना काही ठेवून जा, निदान तुमचा अहवाल मराठीत आम्हाला वाचून दाखवा. दुसरी नगरपालिकेकडे आणि आपणा सर्व नागरिकांकडे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या जमिनीचे काय व्हायचे ते होवो, तिथल्या नोंदवह्या, बुलेटिनचे अंक आणि जुन्या कामगारांच्या तोंडची हकिकत रद्दीत जाऊ देऊ नका. हयात असलेल्या म्हाताऱ्यांकडे वही आणि यंत्र घेऊन आजच गेले पाहिजे. आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

तिसरी मागणी माझ्याच भावंडांकडे, कामगार संघटनांकडे. मागणीपत्रात महागाईभत्त्याचे कलम असते, कपड्यांचे असते, कँटीनचे असते. त्यात एक कलम असे घाला, की कामगाराने सुचवलेल्या सुधारणेवर कामगाराचे नाव राहील, आणि कारखान्यातली प्रयोगशाळा बंद करण्यापूर्वी संघटनेशी बोलणी होतील. पगारवाढ तीन-चार वर्षांच्या करारात संपते. ज्या कारखान्यात संशोधन थांबले तो कारखाना त्यानंतर दुसऱ्याचा माल जोडून देणारी टपरी होतो, आणि टपरी कधीही उठवता येते. चाकणच्या रस्त्याने जाताना हा विचार माझ्या मनात वारंवार येतो, कारण तेथल्या कित्येक मोठ्या कारखान्यांची यंत्रे येथे आणि डोके परदेशात आहे.